चवदार तळ्याचे पाणी आमच्या बाया पोटभर का पीत नाहीत?



मागच्या महिन्यात वस्तीतल्या विहारात बैठक होती. पुढच्या तीन महिन्यांत कोणत्या विषयांवर प्रबोधन करायचे, ते ठरवायचे होते. आम्ही एक विषय सुचवला, लघवीला होणारी जळजळ. दोन-तीन तरुण पोरे खुदकन हसली. एक ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांच्याबद्दल आम्हाला आजही आदर आहे, ते म्हणाले, "अरे, हा दवाखान्याचा विषय आहे. आरक्षण संपवायला निघालेत, रोज कुठे ना कुठे अत्याचार होतोय, आणि आपण काय मुतण्यावर व्याख्यान ठेवायचं?" मागच्या रांगेत बसलेल्या बायांनी तोंडाला पदर लावला आणि विषय तिथेच बारगळला.

बैठक संपल्यावर चपला घालताना त्याच मागच्या रांगेतल्या चार जणी एकेक करून आमच्याजवळ आल्या. प्रत्येकीने आजूबाजूला कोणी नाही ना, हे आधी बघितले. प्रत्येकीचे वाक्य जवळजवळ एकच होते, "मलाही होतं ते. कुणाला सांगायचं?"

हा लेख त्या चौघींसाठी आहे आणि त्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांना उत्तर म्हणूनही आहे.

आमच्या ओळखीतली एक ताई कंत्राटी सफाई कामगार आहे. पहाटे पाचला घर सोडते, सहाला हजेरी लावते आणि दुपारी दोनपर्यंत रस्ता झाडते. तिच्या अख्ख्या हद्दीत बाईला जाता येईल असे एकही शौचालय नाही. एक आहे, त्याला कुलूप असते. मग ताईने तिच्या परीने उपाय शोधला, सकाळी चहासुद्धा घ्यायचा नाही आणि दुपारी घरी येईपर्यंत पाण्याचा घोट घ्यायचा नाही. अशी सात वर्षे काढली.

उन्हाळ्यात तिला लघवी करताना आग व्हायला लागली. शेजारणी म्हणाल्या, उन्हाळी लागली असेल, बेंबीत चुना भर, धण्याचं पाणी पी. आठ दिवस तेच केले. मग मेडिकलवाल्याने दोन दिवसांच्या गोळ्या दिल्या. बरे वाटले म्हणून ती पुन्हा कामावर गेली. आठवड्याने थंडी वाजून ताप भरला, पाठीत उजव्या बाजूला बरगडीखाली असह्य कळ, वर उलट्या. गल्लीतल्या डॉक्टरने सलाईन लावून इंजेक्शन दिले आणि घरी पाठवले. लघवीची साधी तपासणीही केली नाही. शेवटी सरकारी रुग्णालयात नेले तेव्हा कळले की जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला आहे आणि तिला मधुमेहही आहे, जो तोवर कोणी तपासलाच नव्हता. नऊ दिवस ती दाखल होती. नऊ दिवसांची मजुरी कापली गेली.

आम्ही तिला विचारले, ताई, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? ती म्हणाली, "मुकादमाला काय सांगू? मुतायला जळतंय, सुट्टी द्या म्हणू?"

मित्रहो, या एका वाक्यात जात आहे, वर्ग आहे आणि पुरुषसत्ताही आहे. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही हे तिन्ही शब्द शिकलो. ते एकाच शरीरात एकाच वेळी कसे दुखतात, हे ताईने शिकवले.

आधी विज्ञान समजून घेऊ. कारण विज्ञान माहीत नसले की त्या जागेवर लाज आणि अंधश्रद्धा येऊन बसतात.

लघवी करताना जळजळ होणे हे लक्षण आहे, त्यामागचा आजार वेगवेगळा असू शकतो. बायांमध्ये सर्वात जास्त आढळणारे कारण म्हणजे मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. आपल्याच आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जिवाणू बहुतेक वेळा याला कारणीभूत असतो. बाईची मूत्रनलिका साधारण चार सेंटिमीटर लांब असते, पुरुषाची वीस सेंटिमीटरच्या आसपास. शिवाय बाईच्या शरीरात गुदद्वार आणि मूत्रद्वार जवळजवळ असतात. म्हणून जंतूंना मूत्राशयापर्यंत पोहोचायला तिच्या शरीरात वाट कमी पडते. जवळपास निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. यात चारित्र्याचा काही संबंध नाही आणि पूर्वजन्माच्या पापाचा तर नाहीच नाही.

मूत्राशय वेळेवर रिकामे होणे ही शरीराची स्वतःची साफसफाई आहे. लघवीच्या धारेबरोबर जंतू बाहेर फेकले जातात. पाणी कमी प्यायले की लघवी कमी बनते. तासन् तास दाबून धरली की आतले जंतू वाढायला वेळ मिळतो. म्हणजे ताईने शौचालय नाही म्हणून जो उपाय शोधला, तोच तिच्या आजाराचा रस्ता मोकळा करत होता.

जळजळीची इतरही कारणे आहेत. मूतखडा असतो. योनीमार्गाचा संसर्ग असतो, त्यात खाज आणि पांढरे जाणे असते. गनोरिया, क्लॅमिडिया यांसारखे लैंगिक संसर्ग असतात. ते पुरुषांनाही होतात आणि त्यात नवरा-बायको दोघांनी उपचार घेतले नाहीत तर आजार एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीचा त्रास असू शकतो. मूत्रमार्गाचा क्षयरोगही असतो. तो क्वचित दिसतो, पण औषधे घेऊनही लघवीतला पू हटत नसेल तर डॉक्टरांनी त्याचाही विचार करायला हवा. आता सांगा, इतकी कारणे असताना सगळ्यांवर एकच औषध, "अंगात उष्णता झाली आहे", हे कसे चालेल?

धण्या-जिऱ्याचे पाणी पिण्याला आमचा विरोध नाही. पाणी पोटात जाते, ते चांगलेच आहे. पण बेंबीतला चुना जंतू मारत नाही. ताईचे आठ दिवस त्या चुन्यात गेले आणि त्या आठ दिवसांत जंतू वर चढत होते. अंगाऱ्या-धुपाऱ्याला नकार देणारा आपला समाज लघवीची आग झाली की निमूटपणे चुना लावतो, हे आपल्याला खटकले पाहिजे.

आता मूळ आक्षेपाकडे येऊ. "हा दवाखान्याचा विषय आहे."

ठीक आहे. मग हा आजार बंगल्यातल्या बाईला होत नाही का? होतो. शरीररचना सगळ्या बायांची सारखीच आहे आणि आम्ही असा खोटा दावा करणार नाही की हा फक्त दलितांचा आजार आहे. फरक पुढे सुरू होतो. त्या बाईच्या घरात दोन शौचालये आहेत, कार्यालयात एक आहे. जळजळ झाली तर संध्याकाळी ती डॉक्टरकडे जाते, दुसऱ्या दिवशी तपासणीचा कागद हातात असतो. तिच्यासाठी हा तीन दिवसांचा त्रास आहे. रस्ता झाडणारी, कचरा वेचणारी, भाजी विकणारी, नाक्यावर उभी राहणारी, ऊस तोडणारी बाई याच आजारात मूत्रपिंड गमावण्याच्या उंबरठ्यापर्यंत जाते. जंतू जात बघत नाही. शौचालय कुठे बांधायचे, त्याला कुलूप कधी लावायचे आणि कोणाच्या रजेचे पैसे कापायचे, हे ठरवणारी व्यवस्था मात्र जात आणि वर्ग दोन्ही बघते.

ऊसतोडीचेच उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे कोयता घेऊन बाहेर पडतात. त्यांत दलित आहेत, भटके-विमुक्त आहेत, वंजारी आहेत, कोरडवाहू तुकड्यावर पोट न भरणारे बहुजन आहेत. उचल घेतलेली असते, त्यामुळे खाडा झाला की दंड कापला जातो. पालावर ना शौचालय ना न्हाणी. फडात बाई आडोसा शोधते आणि तोही सापडत नाही. या बायांची गर्भाशये मोठ्या प्रमाणात काढली जात असल्याचे उघड झाले तेव्हा 2019 मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 महिलांच्या सर्वेक्षणात 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ओटीपोटात दुखते, अंगावरून पांढरे जाते, खाली आग होते अशी तक्रार घेऊन गेलेल्या बाईला "पिशवी खराब झाली आहे, काढून टाक" हे उत्तर किती सहज मिळत असेल, याचा अंदाज या आकड्यावरून येतो. म्हणून आपल्या प्रत्येक आई-बहिणीला एक गोष्ट पाठ असली पाहिजे. लघवीच्या जंतुसंसर्गावर गर्भाशय काढणे हा उपचार नाही. कोणी तसे सांगितले तर सही करू नका, सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या.

अजूनही हा फक्त दवाखान्याचा विषय वाटतो?

20 मार्च 1927 ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळीने पाणी प्यायले. ते पाणी तहानेसाठी नव्हते, माणूसपणासाठी होते, हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो. पण ज्या बाईला पाणी पिण्याचा हक्क आहे आणि ते पाणी शरीराबाहेर टाकण्याची जागा नाही, तिच्या हातात त्या हक्काचा किती भाग उरला? तिच्या पिशवीत पाण्याची बाटली आहे. कोणी तिला अडवत नाही. तरी ती पीत नाही. पूर्वी सवर्ण काठी घेऊन पाण्यावर पहारा द्यायचे. आज बाई स्वतःच स्वतःच्या तहानेवर पहारा देते. महाडचा लढा इथे अर्धा राहिला आहे, असे आम्ही म्हणतो ते या अर्थाने.

दुसरा आक्षेप असतो लाजेचा. "व्यासपीठावर असले विषय शोभत नाहीत." शोभेची ही कल्पना नेमकी कोणाची? र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उघड उत्तरे द्यायचे. 1934 मध्ये त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिलेले वकील कोण होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, पण शरीराबद्दलचे ज्ञान म्हणजे अश्लीलता नव्हे ही बाजू त्यांनी सोडली नाही. पुढे 1938 मध्ये त्यांच्याच स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. आपल्या नेत्याला ज्या विषयाची लाज वाटली नाही, त्याची लाज आपल्याला वाटते. ही लाज आपली नाही, ती उसनी आहे. शरीराचे स्राव विटाळ मानणाऱ्या, ते उपसणाऱ्या माणसालाही विटाळ मानणाऱ्या व्यवस्थेकडून ती आपल्याकडे आली आहे. मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या घरात ही विटाळाची भावना अजून शिल्लक राहावी, हे बरोबर नाही.

आणि धम्माच्या नावाने कोणी नाक मुरडत असेल तर त्यांनी विनयपिटकातला एक प्रसंग आठवावा. एक आजारी भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि बाकीचे भिक्खू त्याच्याकडे लक्ष देत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्या भिक्खूला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला बोलावून आजाऱ्याची सेवा हे संघाचे कर्तव्य ठरवले. ज्याच्या धम्मात हे घडले, त्याच्या विहारात लघवीच्या आजारावर बोलता येत नाही, हे आम्हाला पटत नाही.

तिसरा आक्षेप तरुण साथींचा असतो. "मोठे प्रश्न पडले आहेत, हे लहान आहेत." पण ज्यांनी हा प्रश्न हातात घेतला त्यांनी त्याला लहान मानले नाही. 2011 मध्ये मुंबईत वस्तीपातळीवर काम करणाऱ्या संघटनांनी 'राइट टू पी' हे आंदोलन उभे केले. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'ने जनहित याचिका केली आणि 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रस्त्यावरच्या बाईसाठी स्वच्छ, सुरक्षित शौचालये उभारणे ही महापालिकांची जबाबदारी असल्याचे सांगून निर्देश दिले. केरळात कोझिकोडच्या कपड्यांच्या दुकानांत काम करणाऱ्या बायांनी दिवसभर बसायला आणि शौचालयाला जायला मिळत नाही म्हणून संघटना केली. त्या लढ्यातून पुढे 2018 मध्ये केरळ सरकारला दुकाने कायद्यात दुरुस्ती करून कामगारांना बसण्याचा हक्क द्यावा लागला. लघवीच्या प्रश्नातून कायदा बदलता येतो, हे त्या बायांनी दाखवून दिले.

कायदा आजही आपल्या बाजूने आहे, आपण तो वापरत नाही. कामाच्या ठिकाणी शौचालय आणि मुताऱ्या देण्याचे बंधन 1948 च्या कारखाना कायद्यात होते, 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते, 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात होते. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेतही मालकावर ते बंधन आहे. संविधानाचे कलम 42 राज्याला कामाची माणुसकीची परिस्थिती निर्माण करायला सांगते, कलम 47 सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवते. ताई ज्या हद्दीत झाडू मारते, तिथल्या कुलूपबंद शौचालयाविरुद्ध आपण एक तरी अर्ज केला होता का? नव्हता केला. आम्हीही नव्हता केला. ती आजारी पडल्यावर केला. ही आमचीही चूक आहे.

आता प्रत्यक्ष उपयोगाचे. हे वाचून झाल्यावर घरी आई, बहीण, बायको आणि बापालाही सांगा.

लघवीला जळजळ, पुन्हा पुन्हा थेंब थेंब जावे लागणे, घाई होणे, गढूळ किंवा उग्र वासाची लघवी, ओटीपोटात दुखणे यांपैकी काही सुरू झाले तर पाणी वाढवा आणि एक-दोन दिवसांत दवाखान्यात जा. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले असेल त्यांनी मात्र स्वतःच्या मनाने पाणी वाढवू नये.

पुढच्या परिस्थितीत वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा:

1. थंडी वाजून ताप, पाठीत किंवा कुशीत बरगडीखाली दुखणे, उलट्या. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याची ही खूण असू शकते.
2. लघवीतून रक्त. ते दुखत नसले तरी. विशेषतः वय जास्त असेल किंवा विडी-सिगारेटचे व्यसन असेल तर कर्करोगाचीही तपासणी लागते.
3. बाई गरोदर असेल. गरोदरपणात हा संसर्ग आईला गंभीर आजारी करू शकतो आणि दिवस भरण्याआधी बाळंतपणाचा धोका वाढवतो.
4. लहान मूल असेल, मधुमेह असेल, मूतखडा असेल किंवा लघवीची नळी लावलेली असेल.
5. पुरुषाला जळजळ असेल. पुरुषांत हे तुलनेने कमी आढळते, म्हणून कारण शोधावेच लागते.
6. मूत्राशय भरल्यासारखे वाटते पण लघवी होतच नाही.
7. म्हातारे माणूस अचानक असंबद्ध बोलू लागले, गुंगीत गेले. वयस्कांमध्ये जळजळीऐवजी असेही दिसू शकते.

तापाने माणूस गळून गेले असेल, शुद्ध हरपत असेल तर 108 ला फोन करा.

डॉक्टरकडे गेल्यावर लघवीची तपासणी करायला सांगा. पहिली थोडी धार सोडून मधली धार स्वच्छ डबीत घ्यायची. त्रास वारंवार होत असेल, म्हणजे सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा, तर लघवीचे कल्चर करून घ्या. कोणता जंतू आहे आणि कोणते औषध त्याला लागू पडेल, ते त्यातून कळते. नमुना शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्यायचा. साखरही तपासा.

ज्या गोळ्यांच्या पाकिटावर लाल उभी रेघ असते, त्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नाहीत. बरे वाटले म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत आणि उरलेल्या शेजारणीला द्यायच्या नाहीत. अर्धवट औषधाने जंतू निर्ढावतात आणि मग साध्या गोळ्यांना दाद देत नाहीत. जळजळ शमवणारे गोड सिरप तात्पुरता आराम देते, ते अँटिबायोटिकची जागा घेऊ शकत नाही. लैंगिक संसर्गाची शंका असेल तर सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये मोफत आणि गुप्तता पाळून उपचार मिळतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. कोणी पैसे मागितले तर पावती मागा.

शेवटी आपल्याच घरातला हिशोब. जयंतीच्या मिरवणुकीत आपल्या माता-भगिनी भर एप्रिलच्या उन्हात सहा-सहा तास चालतात. त्या पाणी पीत नाहीत, कारण त्यांना माहीत असते की वाटेत सोय नाही. आपण डीजेवर किती खर्च करतो आणि फिरत्या शौचालयावर किती? आपल्या विहारात बायांसाठी शौचालय आहे का, त्याला आतून कडी आहे का, तिथे पाणी येते का? पुढच्या रविवारी बुद्धवंदनेनंतर फक्त एवढे बघून या. नसेल तर पुढच्या वर्गणीतले पहिले काम तेच धरा. वस्तीतल्या कंत्राटी कामगार बायांच्या हद्दीत कोणती शौचालये बंद आहेत याची यादी करा, वॉर्ड कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पंधरा दिवसांनी माहिती अधिकार लावा.

ताई पुन्हा कामावर जाते. कुलूप लावलेले ते शौचालय दोन अर्ज आणि एका मोर्च्यानंतर उघडले आहे. सकाळी आठ ते बाराच उघडे असते, म्हणून तिसरा अर्ज तयार आहे. ताई आता बाटलीतले पाणी पिते. परवा भेटली तेव्हा म्हणाली, "अख्खी बाटली संपली आज."

त्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांना आमची नम्र विनंती आहे, पुढच्या बैठकीत हाच विषय पुन्हा ठेवणार आहोत. आपण अध्यक्षस्थानी बसावे. आणि मागच्या रांगेतल्या बायांना या वेळी पुढे बसवावे.

जय भीम! नमो बुद्धाय!